डावा-उजवा फोटो जुळत नाही? या चुका टाळा

मोबाइलने एक फोटो काढला, अंगाचा भार डाव्या पायावरून उजव्या पायावर घेतला आणि दुसरा काढला, की झाली स्टीरिओ जोडी, म्हणजे एकत्र पाहिल्यावर खोली दाखवणारे डावा-उजवा असे दोन फोटो. पण लाल-निळ्या चष्म्यातून ती पाहताना कपाळ ठणकत असेल, तर आधी उभी जुळणी तपासा. डोळ्यांना आत-बाहेर वळायची रोजची सवय असते. एक वर नि दुसरा खाली, हे त्यांना झेपत नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, आधी फोटो डावी-उजवीकडे सरकवत बसतात. ते काम शेवटचं.

समजा, अंगणातल्या तुळशीवृंदावनाची जोडी आहे. उजवा फोटो अर्धपारदर्शक करून डाव्यावर ठेवा. वृंदावनाचा कोनाडा तंतोतंत बसला म्हणून थांबू नका, कडा बघा. डावीकडचा खांब वर आणि उजवीकडची खिडकी खाली दिसतेय? म्हणजे कॅमेरा कलला होता; फोटो फिरवा. कौलं वर आणि पायरी खाली गेली असेल, तर एक फोटो मोठा आहे. झूम हलला असेल तर आकार सारखा करून भागतं. पण तुम्हीच पुढे झुकला असाल, तर जवळचं जुळेल तेव्हा लांबचं सुटेल. अशी जोडी सरळ पुन्हा काढावी.

वृंदावन मध्ये यावं म्हणून कॅमेरा आत वळवू नका. त्याने एका फोटोची डावी कड उंच होते, दुसऱ्याची उजवी. समोर धरून नुसता सरकवा, तोही सर्वात जवळच्या वस्तूच्या अंतराच्या साधारण तिसाव्या भागाइतकाच. वस्तू 2 मीटरवर, तर 6-7 सेंमी.

मासुजी सुतो यांचं ‘स्टीरिओफोटो मेकर’ हे मोफत सॉफ्टवेअर कल, उंची, आकार आपोआप जुळवतं. तरी चौकट, म्हणजे ज्या खिडकीतून दृश्य पाहतोय असं वाटतं ती फोटोची कड, स्वतः बघाच. कडेला कापलेली फांदी चौकटीच्या पुढे आली, तर डोळा गोंधळतो. दोन्ही फोटोंतली ती फांदी एकमेकींवर येईपर्यंत सरकवा, सगळं दृश्य चौकटीमागे जाईल.

भिंत पुढे आणि वृंदावन खोलात दिसलं, तर फोटोंची अदलाबदल झालीय. उजव्या फोटोत जवळची वस्तू भिंतीच्या मानाने डावीकडे हवी.

वाऱ्याने हललेल्या मंजिऱ्या मात्र कुठल्याच उपायाने जुळत नाहीत. सकाळी, वारा पडलेला असताना काढा.