घरच्या प्रिंटरवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो: आधी बघा, काळा येतोय कुठून

ब्लॅक अँड व्हाइट फोटो घरी प्रिंट केला आणि तो हिरवट नाहीतर जांभळट आला, असं बऱ्याच जणांचं होतं. माझंही झालं. पावसाळ्यात लोहगडावर काढलेला धुक्यातला फोटो, स्क्रीनवर कसला भारी दिसत होता, आणि कागदावर सगळं धुकं चक्क शेवाळी! आधी कागदाला शिव्या घातल्या, मग मॉनिटरला. दोष दोघांचाही नव्हता.

घरगुती टँक प्रिंटरमध्ये (बाटलीने शाई भरायचा तो) साधारण चार शाया असतात आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्यातला फक्त काळा पिगमेंट असतो, बाकी तिन्ही डाय. डाय म्हणजे सरबतातली साखर, पूर्ण विरघळलेली. पिगमेंट म्हणजे पाण्यात कालवलेली हळद, कण तसेच राहतात (काळ्यात हे कण कार्बनचे, म्हणून तो उन्हाला सहज फिका पडत नाही). आता गंमत अशी की प्रिंट सेटिंगमधल्या पेपर टाइपमध्ये ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागद, निवडलं की असा प्रिंटर तो पिगमेंट काळा सहसा वापरतच नाही, कारण तो साध्या कागदावरच्या अक्षरांसाठी बनवलेला, ग्लॉसीच्या कोटिंगवर धरत नाही, बोट लावलं की पुसतो. मग ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) निळा, गुलाबी, पिवळा मिसळून काळा तयार करतो, त्यातला एखादा जरा जास्त पडला की झालं शेवाळ. तुम्ही खुश की पिगमेंट भरलीय, आणि फोटोत तिचा थेंब नाही.

असाच प्रिंटर असेल तर जुगाड आहे. मॅट कोटेड इंकजेट कागद घ्या, ड्रायव्हरमध्ये मात्र प्लेन पेपर सांगा, ग्रेस्केल टिक करा, क्वालिटी हाय. बहुतेक वेळा मग एकटा काळाच चालतो. एक छोटा तुकडा छापून भिंगाखाली बघा, रंगीत ठिपके दिसले तर जमलं नाही. जमलं तरी आकाशात, गालावर, अशा उजळ भागात दाणे दिसणारच, कारण करडी शाई नाहीये, काळे ठिपके लांब लांब टाकूनच करडा दाखवायचा. रस्त्यावरच्या फोटोंना ते दाणे शोभतात, बाळाच्या फोटोला नाही शोभत.

आणि डायच्या टँकमध्ये बाहेरची पिगमेंट शाई ओतायचा मोह होतो, तो आवरा. हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, चोंदतं, आणि ड्रायव्हरचा हिशोब जुन्याच शाईचा असतो.

खरंच सिरियसली करायचं असेल तर ज्यात काळ्याच्या जोडीला करड्या शाया आहेत असा फोटो प्रिंटर लागतो. एप्सनच्या पी ७०० मध्ये दहा शाया आहेत, त्यात फोटो ब्लॅक, मॅट ब्लॅक, ग्रे, लाइट ग्रे. कॉटन किंवा मॅट कागदाला मॅट ब्लॅक, लस्टर, बरायटा, ग्लॉसी अशा चमक असलेल्या कागदांना फोटो ब्लॅक. उलटं केलंत तर मॅट ब्लॅक ग्लॉसीवर पुसला जातो, आणि फोटो ब्लॅक कॉटनवर धुतलेल्या काळ्या शर्टासारखा दिसतो. यातलं काय वापरायचं हे प्रिंटर तुमच्या पेपर टाइपवरूनच ठरवतो, म्हणून ते एक सेटिंग दोनदा बघा. मोड अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट ठेवा, त्यात रंगीत शाई टोनपुरतीच पडते. एप्सनवाल्यांनी पुढे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटसाठीचं क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर बघावं, पण पहिल्याच महिन्यात नको.

फोटोच्या आधी पट्टी छापा. ० ते १०० टक्के काळा, ५-५ च्या अंतराने २१ चौकोन. रात्रभर वाळू द्या आणि मग दिवसा खिडकीपाशी बघा, नुसत्या ट्यूबलाइटखाली नको, काही प्रिंट उजेड बदलला की टोन बदलतात. मॅटवर ९०, ९५, १०० बहुतेक एकच वाटतील. मग फोटोतल्या सावल्या तेवढ्या उचलायच्या. माझ्या लोहगडाच्या फोटोत दरवाजाचे दगड असेच गेले होते, फोटो एडिटरमधली कर्व्हची रेघ (उजेड-अंधार बदलायची) जराशी वर ओढल्यावर परत आले. सगळंच डार्क येत असेल तर आधी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून बघा.

कागदाची बरोबर बाजू कळत नसेल तर कोपरा ओल्या बोटाने दाबा, चिकटते ती छापायची. छापल्यावर वर हात फिरवू नका, पिगमेंट वरवरच बसलेलं असतं, चरे पडतात. फ्रेम करताना काच फोटोला टेकू नये, मध्ये माउंट, म्हणजे कडेने पुठ्ठ्याची चौकट, घाला.

राहिलं चोंदणं. प्रिंटर पडून राहिला की हेडच्या बारीक भोकांत शाई वाळते, शिवाय पिगमेंटचे कण हळदीसारखे तळाशी बसतात, त्यामुळे आठवड्यातून एक पान तरी छापा, नॉझल चेक (प्रिंटर स्वतःच छापतो ते रेघांचं तपासणीचं पान) सुद्धा चालेल. रेघा तुटल्या तर दोन-तीनदा प्रिंटरच्या मेन्यूतलं हेड क्लीनिंग, मग थांबा, रात्रभर ठेवून परत बघा, उगाच दहा वेळा क्लीनिंग करून शाई सगळी वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या स्पंजात) जाते. आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करायचा म्हणजे हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. आमच्याकडे रात्री सगळे स्विच बंद करायची शिस्त आहे, म्हणून प्रिंटरच्या स्विचवर मी चिकटपट्टी लावून ठेवलीय.