क्लब सॉकर की हायस्कूल सॉकर, डिपॉझिट भरायच्या आधी काय काय बघायचं

अमेरिकेत पोरगं आठवी-नववीला आलं की दर वर्षी हाच गोंधळ. फी घेणाऱ्या खासगी सॉकर क्लबचं ट्रायआउट (निवड चाचणी) होतं, रात्री ईमेल येतो की ऑफर आहे, एक-दोन दिवसांत उत्तर द्या आणि डिपॉझिट भरा, आणि ते डिपॉझिट बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. त्यामुळे खाली लिहिलंय ते सगळं ट्रायआउटच्या आधीच विचारून ठेवायचं, ऑफर आल्यावर विचार करायला कोणी वेळ देत नाही.

पहिला प्रश्न, टीम कुठल्या लीगमध्ये खेळते. क्लबच्या नावावर जाऊ नका. एकाच क्लबच्या एकाच वयोगटात तीन-तीन टीम असतात, पहिली एमएलएस नेक्स्ट किंवा ईसीएनएलमध्ये (या देशभरातल्या वरच्या यूथ लीग) आणि तिसरी जवळपासच्या साध्या लीगमध्ये, पण जर्सी तीच आणि बऱ्याचदा फीमध्येही फार फरक नाही. माझं स्पष्ट मत, तिसऱ्या टीमच्या पालकांच्या पैशावर पहिल्या टीमचे लाड चालतात. तिसऱ्या टीममध्ये जागा मिळत असेल तर तेवढेच पैसे देऊन छोट्या क्लबच्या पहिल्या टीममध्ये खेळणं कधीही बरं.

मग विचारा, शाळेकडून खेळू देणार का. यूएस सॉकरची (म्हणजे देशाच्या फेडरेशनची) डेव्हलपमेंट अकॅडमी नावाची वरच्या क्लबांची लीग होती ना, २००७ ला सुरू झालेली, तिने २०१२ पासून मुलांना दहा महिन्यांचा सीझन लावला आणि शाळेचं सॉकर जवळपास बंदच केलं. २०२० मध्ये ती गुंडाळली आणि एमएलएस नेक्स्ट आलं, पण तिथल्या वरच्या टीममध्येही शाळा आणि क्लब दोन्ही जमणं अवघडच. ईसीएनएल त्या मानाने मोकळं. उलट बाजूने राज्याचे नियमही असतात, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात शाळेचा सीझन चालू असताना त्याच खेळात बाहेरच्या टीमकडून खेळलं तर मुलाची एलिजिबिलिटी (शाळेकडून खेळायची पात्रता) जाऊ शकते. सीझनही सगळीकडे एकाच वेळी नसतो, न्यू जर्सीत फॉलमध्ये, कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागात आणि फ्लोरिडात हिवाळ्यात, जॉर्जियात स्प्रिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या मावसभावाचा सल्ला इथे लागू होईलच असं नाही.

आता पैसे. फी दोन-तीन हजार डॉलर असणं आता सर्रास झालंय, पण खरा खड्डा फीच्या बाहेर पडतो. युनिफॉर्म वेगळा, टुर्नामेंटची एंट्री कधी फीमध्ये असते कधी नसते, कोचच्या प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च टीममध्ये वाटून घेतात, आणि बऱ्याच टुर्नामेंटना त्यांनी ठरवलेल्याच हॉटेलात राहायची सक्ती असते, स्वस्त मोटेल तुम्ही शोधलं तरी चालत नाही. वरच्या लीगमध्ये विमानाची तिकिटं आली. म्हणून टीम मॅनेजरला विचारू नका, गेल्या वर्षी त्याच टीममध्ये ज्यांचं पोरगं होतं अशा एखाद्या आईला किंवा बाबांना गाठा आणि वर्षाचा एकूण आकडा विचारा, तो ऐकून फी म्हणजे काहीच नाही असं वाटेल. अजून एक, बरेच क्लब नॉन-प्रॉफिट असतात, त्यांचा फॉर्म ९९० (वर्षाचा हिशोब) आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या साइटवर फुकट बघायला मिळतो, क्लबचा पैसा किती येतो, डायरेक्टरला पगार किती, असं बरंच काही मोठ्या क्लबांच्या फॉर्ममध्ये सापडतं. फायनान्शियल एडबद्दलही आधीच विचारा, लाजू नका, अर्जाची तारीख बऱ्याचदा लवकर संपते.

(एवढं महाग का, तर इतर देशांत खेळाडू विकला गेला की ट्रान्सफरच्या रकमेतले ५ टक्के त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. इथे वर्षानुवर्षं ते घडलंच नाही, एमएलएसनेसुद्धा (इथली सगळ्यात वरची प्रोफेशनल लीग) आम्ही असे पैसे मागणार हे २०१९ ला जाहीर केलं. तोवर बिल पालकांच्या नावावर.)

शाळेचं म्हणाल तर खर्च अगदीच कमी, काही डिस्ट्रिक्ट अॅक्टिव्हिटी फी घेतात, बाकी बस शाळेची. स्पर्धेचा मात्र भरवसा नाही. मोठ्या शाळेत ढीगभर मुलं व्हर्सिटीच्या (शाळेच्या मुख्य टीमच्या) वीसेक जागांसाठी ट्रायआउट देतात, छोट्या शाळेत येईल त्याला घेतात. एकाच मॅचमध्ये अकॅडमीत तयार झालेला पोरगा आणि यंदाच बूट घातलेला पोरगा समोरासमोर येतात, सीझन छोटा आणि मॅच आठवड्याला दोन-दोन, दुखापती होतात. पण वर्गातली पोरं ओरडायला येतात, ते क्लबमध्ये कुठून आणणार.

स्कॉलरशिपचा हिशोब करून क्लबमध्ये पैसे घालू नका. २०२५ पर्यंत डिव्हिजन १ मध्ये (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) मुलांच्या पूर्ण टीमला मिळून ९.९ स्कॉलरशिप होत्या, मुलींना १४, त्याही तुकडे करून वाटायच्या. आता कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दल कोर्टात झालेल्या सेटलमेंटमध्ये सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, त्याऐवजी रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) जास्तीत जास्त २८ चा, पण कॉलेजने सगळ्यांना पैसे द्यायलाच हवेत असं काही नाही. डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगमध्ये तर खेळासाठी स्कॉलरशिपच नाही. हां, कॉलेजात खेळायचंच असेल तर क्लब लागतो, कारण कॉलेजचे कोच क्लबच्या शोकेसलाच (कोचना खेळ दाखवायच्या टुर्नामेंटला) जास्त येतात, आणि डिव्हिजन १ चे कोच मुलांशी रिक्रूटिंगचं बोलू शकतात ते दहावी संपल्यावर १५ जूनपासून. म्हणजे अकरावीच्या आधी घाबरून दर वर्षी क्लब बदलायची गरज नाही.

खेळायला किती मिळणार हेही बघा. मैदानावर अकरा, रोस्टरवर बावीस असतील तर पैसे भरून बेंच विकत घेतल्यासारखं होतं. २०२६-२७ च्या सीझनपासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या संघटना वयोगट १ ऑगस्टपासून धरणार आहेत, आधी जन्मवर्षावर होतं, त्यामुळे आत्ताची टीम फुटू शकते, आपलं पोरगं कुठल्या गटात जाईल ते क्लबलाच विचारा.

आणि कॉन्ट्रॅक्ट वाचा. ऑक्टोबरमध्ये गुडघा गेला तर उरलेले हप्ते भरायचे का? बहुतेक ठिकाणी भरावे लागतात. उत्तर फोनवर घेऊ नका, ईमेलवर मागा.