लोकलचा पास आहे ना? मग रविवार फुकटात कसा घालवायचा ते वाचा

आमच्या घरात दोघांचेही डोंबिवली-सीएसएमटी पास, सेकंड क्लासचे, आणि तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत रविवार म्हटलं की मॉल. एकदा मी सहज मोबाइलमध्ये हिशोब मांडला, तिघांची सिनेमाची तिकिटं साडेसातशे, पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक सहाशे, फूडकोर्टात सातशे, येता-जाता रिक्षा दोनशे. सव्वादोन हजार झाले! महिन्यातून दोनदा म्हणजे साडेचार हजार, आणि घरी येऊन लेक म्हणते "आज काहीच केलं नाही आपण". तेव्हा डोक्यात आलं की अरे सोमवार ते शनिवार ज्या पासावर लटकत जातो तो रविवारीही चालतोच की, आणि मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरता येतं, त्याचे पैसे तर आधीच भरलेत.

तर आमची पद्धत सांगते. तुमचा पास वेस्टर्नचा असेल किंवा हार्बरचा तर जागा बदला, बाकी तेच.

आधी एक कागद घ्या आणि तुमच्या पासावरच्या स्टेशनांची नावं ओळीने लिहा, मग प्रत्येकापुढे चालत जाता येईल असं काय आहे ते लिहा. पहिल्यांदा आमचा कागद अर्धा रिकामाच होता, कारण वीस वर्षं ज्या स्टेशनांवरून जातोय तिथे एकदाही उतरलेलो नाही. नवऱ्याला सायन म्हणजे फक्त हॉस्पिटल माहीत. मग ऑफिसात विचारलं, सासूबाईंना विचारलं (त्यांचं माहेर परळचं, त्यामुळे अर्धा कागद त्यांनीच भरला), आणि आता तो कागद फ्रिजवर आहे.

दुसरं म्हणजे ब्लॉक. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या, हे काय सांगायला नको, पण फिरायला निघताना नेमकं तेच विसरायला होतं. आमचा पहिलाच रविवार असा गेला, साडेदहाला आरामात निघालो, गाडी स्लोची फास्टवर वळवलेली, जिथे उतरायचं ते स्टेशन खिडकीतून टाटा करत गेलं आणि लेक रडायला लागली. चूक आमचीच, शनिवारी बघितलंच नव्हतं. आता नियम असा की शनिवारी रात्री ब्लॉक कुठून कुठपर्यंत आणि कुठल्या लाइनवर ते बघायचं, बहुतेक वेळा तो अकराच्या आसपास चालू होतो आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत असतो, म्हणून सकाळी आठच्या आत गाडीत बसायचं आणि परतीचं चारनंतर ठरवायचं. सकाळी आठला रविवारच्या गाडीत बसायला मिळतं हो, विंडो मिळते, ते सुखच वेगळं.

तिकिटाचं: पास दोघांचे, लेक सात वर्षांची म्हणून तिचं हाफ तिकीट तेवढं काढायचं. पाचच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही. पासाच्या हद्दीबाहेर जायचं असेल तर पुढचं तिकीट काढा, लोकलचं कमीत कमी भाडं सध्या पाच रुपये आहे, पाच रुपयांसाठी टीसीसमोर उभं राहायची हौस कशाला.

आता जागा. सगळ्या सांगत नाही, ज्या आम्हाला लागू पडल्या त्याच सांगते.

सीएसएमटी आणि फोर्ट हा आमचा सगळ्यात लाडका, कारण रविवारी फोर्ट ओस पडलेला असतो, ऑफिसं बंद, फुटपाथ मोकळे. पण बाहेर पडायची घाई करू नका, आधी स्टेशनच बघा. आपण तिथून रोज नुसते पळतो, मान वर करून कधी बघितलंय? २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली इमारत आहे ती. समोरच्या गेटच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे आणि एका बाजूला वाघ, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान, आणि भिंतींवर मोर, माकडं, पानं-फुलं, काय काय कोरलंय. आम्ही लेकीला काम दिलं की जनावरं मोज. पाऊण तास गेला आणि खर्च शून्य! तिचे सव्वीस झाले, नवऱ्याचे एकोणीस, त्यावरून आठवडाभर वाद.

तिथून चालत फ्लोरा फाउंटन, मग हॉर्निमन सर्कलच्या बागेला वळसा, समोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ सालचा, नंतर मागे वळून ओव्हल मैदान. ओव्हलच्या कडेला बसा आणि दोन्हीकडे बघा, एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, म्हणजे व्हिक्टोरियन गॉथिक, आणि दुसऱ्या बाजूला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा, हा सगळा पट्टा २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. मध्ये एकाच मैदानात दहा-बारा क्रिकेट मॅची एकमेकांत घुसलेल्या, एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या पिचवर उभा. ही मॅच फुकट बघायला मिळते आणि आयपीएलपेक्षा जास्त करमणूक आहे असं माझं मत आहे, नवऱ्याला पटत नाही.

ऊन चढलं की जहांगीर आर्ट गॅलरी. एंट्री फ्री. तिथे आपण आत जायचं का, लोक काय म्हणतील, असं मला उगाच वाटायचं, कोणी काही म्हणत नाही. बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथेच बसलेले असतात आणि लहान मुलांनी विचारलं तर अगदी मनापासून सांगतात. जवळच एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय, आहे, वीस रुपये तिकीट, सोमवारी बंद. आणि फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हल असतो तेव्हा नाच, गाणी, नाटकं, लहान मुलांच्या कार्यशाळा, सगळं फुकट, फक्त शनिवार-रविवारी गर्दीने जीव जातो, तेव्हा जमलं तर कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर जा, सीएसएमटीलाच तर असता.

भायखळ्याला राणीची बाग. मोठ्यांना पन्नास, लहानांना पंचवीस, म्हणजे आमचं सव्वाशेत आवरतं, पेंग्विन त्यातच. लगेच शेजारी भाऊ दाजी लाड म्युझियम, तिकीट अगदी दहा रुपयांच्या घरातलं, जाण्याआधी उघडं आहे ना तेवढं बघून घ्या. म्युझियमच्या बाहेरचा दगडी हत्ती मात्र चुकवू नका, तो मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, पुढे इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला, आणि मग तुकडे जोडून इथे उभा केला. लॉन्चचे पैसे न भरता घारापुरीचा हत्ती बघितला असं लेक शाळेत सांगून आली. बाग आणि म्युझियम दोन्ही बुधवारी बंद असतात, आम्ही एकदा सुट्टी टाकून बुधवारीच गेलेलो, असो.

सायन. आपण शीव म्हणतो ना, शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबई बेटाची हद्द इथे संपायची आणि पलीकडे साष्टीत पोर्तुगीज, म्हणून इंग्रजांनी सतराव्या शतकात टेकडीवर छोटा किल्ला बांधला. स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटं, चढण दमवणारी नाही, तिकीट नाही. किल्ला म्हणून अपेक्षा ठेवून जाल तर नाराज व्हाल, पडझड झालीय आणि भिंतींवर बदामात नावं लिहिलीत, पण वरून वारा आणि खाली पसरलेलं शहर दिसतं. संध्याकाळपेक्षा सकाळी जा.

दादरला सकाळी लवकर उतरलात तर फूलबाजार, मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चक्कर, मग चौपाटीला जाऊन या. माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखाली चालायचं आणि नंतर फिल्टर कॉफी. ठाण्याला तलावपाळी, ते तुम्हाला माहीतच असेल.

उलट्या दिशेला अंबरनाथ, पासाबाहेर, म्हणून तेवढं तिकीट काढायचं. तिथलं शिवमंदिर १०६० सालचं आहे, शिलाहारांच्या काळातलं, फुकट. गाभारा जमिनीच्या पातळीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, लेकीला तेच जास्त आवडलं. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघत सावकाश प्रदक्षिणा घाला. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी मुंगीला जागा नसते, ते दिवस सोडून.

पावसाळ्यात मुंब्र्याच्या डोंगरावरचे धबधबे गाडीतून बघा, तेवढंच पुरे, उतरून वर चढायच्या भानगडीत पडू नका. दरवर्षी कोणीतरी अडकतं.

नाटकाचं वेड असेल तर व्यावसायिक नाटकाचं तिकीट परवडत नाही म्हणून रडू नका, हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या होतात तेव्हा केंद्रावर जा, तिकीट चहा-वडापावच्या किमतीत असतं. काही प्रयोग भयंकर असतात हे आधीच सांगते. पण एखादा असा लागतो की इंटरव्हलला उठवत नाही, आणि पाचशे रुपयेवाल्या नाटकात तरी दरवेळी लागतोच असं कुठे आहे. वाचायला सार्वजनिक वाचनालय लावा, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, वर्गणी एका मॉलवारीपेक्षा कितीतरी कमी. आणि सणांचं कॅलेंडर तर घरातच आहे, पाडव्याची स्वागतयात्रा, ती मुळात आमच्या डोंबिवलीतूनच १९९९ ला सुरू झाली (हे आम्ही सगळ्यांना सांगतो), दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचाच फडके रोड, गणपतीत देखावे. नटून जायचं, फोटो काढायचे, चहा प्यायचा, परत.

खाण्याचं नीट ठरवलं नाही तर वाचवलेलं सगळं तिथेच जातं. आम्ही दशम्या किंवा थालीपीठ, दाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन निघतो. पण सगळंच घरचं असं केलंत तर पोरं दुसऱ्यांदा यायची नाहीत, म्हणून एक गोष्ट विकत, ती कुठली ते लेक ठरवणार. कधी बर्फाचा गोळा, कधी वडापाव, आणि एकदा तिने फुगा घेतला आणि आम्ही दोघं उपाशी राहिलो, पण नियम म्हणजे नियम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. मॉल बंद झाला, रविवार साडेतीनशेत व्हायला लागला, आणि तरी महिनाअखेरीला खात्यात काहीच जास्त दिसेना! पैसे गेले कुठे? तर थोडी ऑनलाइन शॉपिंग, थोडं बुधवारी रात्री कंटाळा आला म्हणून मागवलेलं जेवण, असं करत गेले. न खर्चलेला पैसा खात्यात तसाच पडला तर तो वाचत नाही, त्याला पाय फुटतात. म्हणून आता रविवारी रात्री घरी येऊन पाय धुतले की आधी वजाबाकी, सव्वादोन हजारातून आज गेले ते वजा करायचे आणि उरलेले त्याच मिनिटाला दुसऱ्या बँकेतल्या खात्यात टाकायचे, ज्याचं एटीएम कार्ड मी आईकडे ठेवलंय आणि ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. साधारण एकोणीसशे जातात. महिन्याला दोन रविवार धरले तर अडतीसशे, वर्षाला पंचेचाळीस हजार सहाशे. हे काही श्रीमंत व्हायचे पैसे नाहीत, पण लेकीची जूनमधली फी आम्ही दरवर्षी क्रेडिट कार्डावर भरायचो आणि ऑक्टोबरपर्यंत फेडत बसायचो, ती यंदा या खात्यातून गेली.

आणि महिन्यातले चारही रविवार बाहेर पडू नका, एक घरी लोळायला ठेवा, एक नातेवाइकांना, नाहीतर याचीही ड्युटी होते. मॉल पण अगदी बंद नाही केला, मे महिन्यात एसीत बसायला जातो, फक्त जेवून जातो.

या रविवारी ब्लॉक ठाणे-कल्याणमध्ये आहे, म्हणजे सातच्या आत निघायला हवं. नवऱ्याचं म्हणणं ओव्हल, लेकीला परत सीएसएमटीची जनावरं मोजायचीत कारण तिच्या मते मागच्या वेळी एक माकड राहिलं.