संत्र्याचं खानदान कसं ओळखायचं आन् ते आलं कुठून

नागपुरात राहून संत्र्याचं खानदान माहीत नाही असं कसं चालेल बाप्पा, म्हणून हे सांगतो. घरासमोरच्या संत्र्याचं किंवा लिंबाचं एक पान तोडा आन् उन्हाकडे धरून पाहा, सुईनं टोचल्यासारखे बारीक उजेडाचे ठिपके दिसतील, त्या तेलाच्या गाठी, पान चुरगाळलं की वास त्यातूनच येते. आता हेच बेल, कवठ, कढीपत्त्यावर करून पाहा. कवठाच्या पानाला तर चक्क सोपेसारखा वास! सगळे एकाच कुळातले, रुटेसी. कोकणातलं तिरफळ पण यातलंच.

नुसत्या ठिपक्यांवर जाऊ नका, निलगिरीच्या पानातही ते असतात, फूल पण पाहा, बहुतेक ४-५ पाकळ्या आन् मधे अंडाशयाखाली गादीसारखी चकती.

आता मूळ शोधायचं तर नकाशा उघडा. बेल, कवठ, कढीपत्ता आपल्याच भारतीय उपखंडातले. लिंबू-संत्र्याच्या गोताचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार, चीनमधला पश्चिम युनान प्रांत या पट्ट्यात, असं २०१८ च्या जनुकीय अभ्यासात निघालं. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं, २०१४ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं. पण या कुळात सगळ्यात जास्त विविधता ऑस्ट्रेलिया आन् दक्षिण आफ्रिकेत आहे, तिकडे बोरोनिया, बुचूसारखी झुडपं, त्यांना संत्रं कोणी म्हणणारही नाही, पण पान उजेडाला धरलं की ठिपके तेच.