सशाचे पोट का बिघडते : आहारातील या चुका टाळा

विदर्भातील खेड्यांत ससा बहुतेक वेळा मुलांच्या हट्टापायी आठवडी बाजारातून घरी येतो आणि शेळ्या-कोंबड्यांच्या गोठ्याशेजारीच त्याची सोय लावली जाते. त्याच्या पोटाच्या तक्रारी बहुधा तेथूनच सुरू होतात, कारण शेळीला जे मानवते ते सशालाही मानवेल असे घरातील मोठी माणसे गृहीत धरतात. दोघेही पाला खातात आणि लेंड्या टाकतात, एवढे साम्य खरे आहे. मात्र शेळी रवंथ करते आणि तिने खाल्लेला चारा पोटाच्या पहिल्याच कप्प्यात आंबतो. सशाच्या बाबतीत हे काम लहान आतडे संपल्यानंतर, अंधांत्र नावाच्या मोठ्या पिशवीत चालते. तेथील सूक्ष्मजीवांना चोथ्याची सवय असते आणि साखर व पिष्ट वाढले की त्यांचा समतोल लगेच ढळतो. त्यातच सशाला ओकारी काढता येत नाही. पोटात गेलेले सर्व काही पुढेच सरकले पाहिजे आणि ते सरकवण्याचे काम गवताचा लांब, भरड धागाच करतो.

खुराक म्हणून दाणा आणि ढेप घालणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत प्रेमाने केली जाणारी चूक हीच आहे. दुभत्या जनावराला सरकीची ढेप व तुरीची चुनी घालण्याची रीत असल्यामुळे सशापुढेही मूठभर चुनी, भिजवलेला हरभरा, मक्याचे दाणे, शिळी भाकरी, मुरमुरे आणि मुलांच्या हातचे बिस्कीट येऊन पडते. ससा ते आवडीने खातो, आणि आवडीने खातो म्हणून ते त्याच्या हिताचे असावे असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात दाण्यातील पिष्ट अंधांत्रापर्यंत पोहोचले की तेथे वायू तयार करणारे व विषारी द्रव्ये सोडणारे जिवाणू वाढतात, पोट फुगते आणि गवत खाण्याची इच्छा मरते. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे द्रव्य असते. ते रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना बऱ्याच अंशी सोसते, पण सशासारख्या एका जठराच्या प्राण्याला सोसत नाही. त्यामुळे ढेप पूर्णपणे बंद ठेवावी.

मोठ्या सशाच्या आहारात सुमारे 80 ते 85 टक्के भाग गवताचा, वाळलेला किंवा हिरवा, असावा. रोज त्याच्या शरीराच्या आकाराएवढा गवताचा ढीग पुढे असला पाहिजे आणि तो रात्रीही संपता कामा नये, कारण ससा पहाटे व संध्याकाळनंतर जास्त खातो. गोळी खाद्य मिळत असेल तर दर किलो वजनामागे दिवसाला 20 ते 25 ग्रॅम पुरे होते. खेड्यात ते मिळत नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. चांगले गवत आणि दोन-तीन प्रकारचा पाला मिळत असेल तर मोठ्या सशाचे त्यावाचून फारसे अडत नाही. मात्र सशासाठीच्या गोळीऐवजी कोंबडीचे खाद्य कधीही वापरू नये, कारण त्यात मिसळलेली काही औषधे सशाला घातक ठरतात.

गवत कमी पडल्याचा दुसरा परिणाम दातांवर होतो. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, समोरचे दात तर आठवड्याला 2 ते 3 मिलिमीटर वाढतात, आणि ते झिजण्यासाठी बराच वेळ चावत राहण्याची गरज असते. मऊ खाण्यावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोके येतात, ती जिभेला व गालाला टोचतात आणि मग तो खाणेच सोडतो. खाण्याजवळ येऊन वास घेणारा, पण तोंड न लावणारा किंवा हनुवटी लाळेने ओली असलेला ससा पोटाचा रोगी वाटला, तरी त्याचे मूळ दुखणे दातांत असू शकते.

कोणता चारा, कोणता पाला

मारवेल, पवना, हरळी ही आपल्या धुऱ्यावर वाढणारी गवते सशाला उत्तम आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास, बी झडण्यापूर्वी कापून सावलीत वाळवलेले गवत हिरवट राहते, त्याला सुवास येतो आणि ते उन्हाळाभर पुरते. ज्वारीच्या कडब्याची पाने चालतात, परंतु जाड धांडे बहुतेक वाया जातात. पूर्व विदर्भात हाताशी असलेली धानाची तणस अंथरायला चांगली आहे, मात्र केवळ तिच्यावर ससा पोसला जात नाही. सोयाबीनचे कुटार बारीक, धुळकट आणि बरेचदा बुरशी धरलेले असते, म्हणून ते न दिलेलेच बरे. लसूणघासात कॅल्शियम व प्रथिने जास्त असल्यामुळे तो सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला द्यावा. मोठ्या सशाला तो रोज दिल्यास जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयात गाळासारखे साचू शकते.

पाल्यात सांबार (कोथिंबीर), मुळ्याची व गाजराची पाने, थोडी मेथी असे आलटून पालटून द्यावे. दोन किलोच्या सशाला दिवसाकाठी दोन ओंजळी पाला भरपूर होतो. पत्ताकोबीची पाने काही सशांना वायू करतात. गाजर, केळे आणि आपल्याकडे सहज मिळणारा संत्रा यांत साखर असल्याने त्यांची एखादी लहान फोड अधूनमधून द्यावी. कांदा, लसूण, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला देऊ नये. आठवडी बाजार उठल्यावर भाजीवाल्यांनी टाकून दिलेला पाला पोत्यात भरून आणण्याची सवयही धोक्याची आहे. दाबून भरलेला ओला पाला काही तासांत आतून गरम होतो, आंबतो, आणि तेच आंबलेले सशाच्या पोटात जाते.

चारा कोठून कापला, हा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. कपाशीवर फवारणी सुरू असते त्या दिवसांत त्याच शेताच्या धुऱ्यावरचे गवत आणू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले होते, आणि माणसाला जे विष एवढे बाधते त्याचा थोडासा अंशही दोन किलोच्या प्राण्याला पुरेसा असतो. बेशरम, रुई, धोतरा, एरंड, कण्हेर आणि गाजरगवत यांची पाने चाऱ्यात येत नाहीत ना, हे पाहावे. कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ (विषबाधा) लागते हे घरोघरी माहीत असते, तरी तीच ज्वारी सशापुढे मात्र कौतुकाने टाकली जाते.

मऊ लेंड्यांना हगवण समजणे

ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. गोल, कोरड्या, चुरल्यावर गवताचे तुकडे दिसणाऱ्या लेंड्या दिवसाला साधारण 200 ते 300 पडतात. याशिवाय बहुधा रात्री किंवा पहाटे द्राक्षांच्या लहान घोसासारख्या मऊ, चकाकणाऱ्या, उग्र वासाच्या गोळ्या बाहेर येतात आणि त्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. अंधांत्रात तयार झालेली प्रथिने व ‘ब’ जीवनसत्त्वे त्याला अशी परत मिळतात. हे पाहून किळस येणे स्वाभाविक असले, तरी ते थांबवायचे नसते.

या मऊ गोळ्या खाली पडलेल्या किंवा शेपटीखाली चिकटलेल्या आढळल्या, तर ती हगवण नव्हे. एक तर खुराक जास्त होत आहे किंवा ससा इतका लठ्ठ झाला आहे, अथवा त्याचे सांधे इतके दुखत आहेत, की त्याचे तोंड तेथवर पोहोचत नाही. यावर उपाय दाणा व फळे बंद करून गवत वाढवण्याचा आहे, औषधाचा नाही. तोवर मागची बाजू कोमट पाण्याने पुसून लगेच कोरडी करावी, कारण पावसाळ्यात अशा घाणीवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरू शकतात.

खरी हगवण पाण्यासारखी पातळ असते आणि तिच्यासोबत साध्या लेंड्या जवळजवळ दिसेनाशा होतात. बाजारात चार आठवड्यांची, कधी त्याहूनही लहान पिले विकायला येतात. त्यांना किमान सहा, शक्यतो आठ आठवडे आईजवळ राहू द्यायला हवे असते. आईचे दूध तुटले, प्रवास झाला, घरी आल्याआल्या पालेभाजीचा ढीग पुढे पडला, की अशा पिलाचे आतडे कोलमडते. नवीन पिलाला विक्रेत्याकडे जे खाणे होते तेच काही दिवस द्यावे, सोबत गवत ठेवावे आणि पुढे आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करावा. ओल्या, कुबट पिंजऱ्यात वाढणाऱ्या पिलांना कॉक्सिडिया या परजीवीमुळेही हगवण होते. पोटाचा घेर वाढतो, पाठ हाताला हाडकते आणि वजन उतरते. लेंडीची तपासणी करून त्यावर औषध देता येते, परंतु कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचे घरात उरलेले औषध अंदाजाने पाजणे योग्य नाही. पिलाची हगवण दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

उन्हाळ्याकडे पोटाचा आजार म्हणून न पाहणे

नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसपर्यंत व त्यापुढेही जातो, तर सशाला 30 अंशांच्या आसपासच त्रास सुरू होतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही आणि उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. उकाड्याने त्याचे खाणे मंदावते, पाणी कमी पडले तर आतड्यातील चोथा कोरडा होतो आणि आतड्याची हालचाल थंडावते. म्हणून नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) टिनाच्या छपराखाली पिंजरा ठेवणे म्हणजे आजार ओढवून घेणे आहे. मातीच्या भिंतीची खोली, ओले पोते लावलेली खिडकी, कूलरची थेट अंगावर न येणारी हवा किंवा फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली यांपैकी जे जमेल ते करावे. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या भांड्यात ठेवल्यास ससा जास्त पितो. दर किलो वजनामागे त्याला दिवसाला 50 ते 150 मिलिलिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात ते दिवसातून दोन-तीनदा बदलावे. हिरवे गवत पाणी शिंपडून सकाळी लवकर व सूर्य मावळल्यावर दिल्यास खाणे टिकून राहते.

आतडे थांबल्यावर घरगुती उपाय करत बसणे

लेंड्या लहान होणे, एकमेकींना केसांनी जोडलेल्या पडणे, मग अगदीच बंद होणे, ससा कोपऱ्यात अंग आखडून बसणे, दात करकर वाजवणे आणि आवडीच्या सांबाराकडेही न पाहणे ही आतडे मंदावल्याची लक्षणे आहेत. दहा-बारा तास काहीही न खाणे सशासाठी आणीबाणी मानावी. “आज रुसला आहे, उद्या खाईल” या वाक्याने बरेच ससे गेले आहेत.

अशा वेळी गुरांच्या पोटफुगीवर देतात तसे गोडेतेल, सोडा किंवा ओव्याचा काढा पाजला जातो. धडपडणाऱ्या सशाच्या तोंडात ओतलेले तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते आणि त्याने थांबलेले आतडे सुरू होत नाही. केसांचा गोळा विरघळावा म्हणून पपई किंवा अननस देण्याच्या सल्ल्यातही फारसा अर्थ नाही, कारण केस त्याने विरघळत नाहीत आणि साखर मात्र पोटात जाते. घरी करण्याजोगे एवढेच आहे की त्याला शांत जागी ठेवावे, कान गार लागत असतील तर ऊब द्यावी, पाणी व ताजे गवत जवळ ठेवावे आणि चालवत राहावे. पोट मऊ असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भिजवलेले गोळी खाद्य किंवा बारीक वाटलेला पाला सुई काढलेल्या सिरिंजने, तोंडाच्या बाजूने, थोडा थोडा देता येतो. पोट ताणून कडक झाले असेल तर बळेच काहीही भरवू नये, कारण आतड्यात अडथळा असू शकतो.

याहूनही घातक चूक म्हणजे माणसांसाठी आणलेली अँटिबायोटिक गोळी पाण्यात विरघळवून पाजणे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधे तोंडाने दिल्यास अंधांत्रातील उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि ससा काही दिवसांत दगावू शकतो. गावातील पशुवैद्यकीय दवाखान्यात रोज गाई-म्हशीच येत असल्यामुळे, रुग्ण ससा आहे आणि ही औषधे त्याला तोंडाने चालत नाहीत, हे मालकाने न संकोचता बोलावे. तेथे सोय नसेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था यांच्याकडे विचारणा करावी.

दवाखान्यात नेताना मागील दिवसाच्या लेंड्या कागदात बांधून न्याव्यात, आणि शेवटचे खाणे कधी व काय झाले ते लिहून ठेवावे. उन्हाळ्यात पहाटेच्या गाडीने निघावे आणि टोपलीत गवत टाकावे, कारण घाबरलेला ससाही वाटेत चार काड्या चघळतो. भूल देण्यापूर्वी कुत्र्याला उपाशी ठेवतात म्हणून सशालाही रात्रभर उपाशी ठेवण्याची सूचना कोणी केली, तर ती मान्य करण्यापूर्वी पुन्हा विचारून घ्यावे, कारण ओकारीचा धोका नसलेल्या या प्राण्याला दीर्घ उपवासच अपायकारक ठरतो.