शिंकांचा माग कसा काढावा: नाशिकच्या हवेत ॲलर्जीसोबत राहताना

आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईचा कार्यक्रम ठरलेला असायचा. मी माळ्यावर चढायचो, आई खालून एकेक डबा हातात घ्यायची आणि दुपारपर्यंत माझं नाक गळक्या नळासारखं वाहायला लागायचं. "थंडी बाधली," हे घरातलं एकमुखी निदान. ऑक्टोबरच्या उन्हात, गंगापूर रोडवर, थंडी! तरी चार-पाच वर्षं मी निमूटपणे सुंठ-गूळ खाल्ला. ताप कधी नव्हता, अंग कधी दुखलं नाही. डोळे मात्र चोळून चोळून लाल.

तर आधी ओळख पटवा. विषाणूची सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत उतरते. तिच्यात अंग मोडून येतं, कधी कणकण असते, घसा धरतो. ॲलर्जीत नाकातून नुसतं पाणी येतं, शिंकांची माळ लागते, डोळे, टाळू आणि कानाच्या आतही खाज सुटते. मुख्य म्हणजे ती वेळ नाहीतर जागा पाळते. शरीर एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजून हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, त्याचा हा सगळा गोंधळ.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मिरचीची फोडणी दिली की घरातले सगळेच खोकतात. ती ॲलर्जी नव्हे, तो ठसका. उदबत्ती, डासांची कॉइल, थंडीतली शेकोटी ही याच जातीची. पण ॲलर्जीने आधीच सुजलेल्या नाकाला हा धूर दुप्पट झोंबतो, म्हणून तोही लांबच बरा. आमच्या देवघरात आता फक्त निरांजन लागतं. आईने महिनाभर कुरकुर केली, मग सोडून दिलं.

पहिलं काम: वही

औषधाच्या आधी वही घ्या, शाळेची जुनी अर्धी कोरी चालेल. तीन आठवडे चार गोष्टी लिहा: वेळ, कुठे होतो, काय करत होतो, काय झालं. माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: "६.४०, अंथरुणातच, सात शिंका." "११, ऑफिस, काही नाही." "रात्री गादीवर चादर झटकली, लगेच डोळे." आणि मग एका रविवारची: "दिंडोरी, सासुरवाडी. ओट्यावर बाजेवर झोपलो, खाली फक्त सतरंजी. सकाळी एकही शिंक नाही." बाहेर, गावात, शेताच्या कडेला झोपून नाक कोरडं आणि शहरातल्या बंद खोलीत सात शिंका! तोवर मी सगळा दोष बाहेरच्या हवेला देत होतो. चोर गादीत होता.

तुमचा चोर दुसरा असेल. पावसाळ्यातच त्रास होत असेल तर बुरशी पाहा, मित्राच्या घरी मांजर अंगावर आल्यावर होत असेल तर मांजर (आणि दोष तिच्या केसांचा नसतो, लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनांचा असतो). टिकलीच्या जागी गोल चट्टा उठत असेल तर टिकलीचा डिंक, कानातल्या खोट्या दागिन्याने कान चिघळत असेल तर बहुधा निकेल. या दोन्हींवर उपाय सोपा आहे, ती वस्तू बंद. हवेतल्या गोष्टींचं तसं नसतं, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

अंथरूण: इथे कंजुषी नको

घरातल्या धुळीत डस्ट माइट नावाचे आठ पायांचे, कोळ्याच्या दूरच्या नात्यातले जीव असतात. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. ते आपल्या अंगावरून झडलेला कोंडा खातात, आणि आपल्याला त्रास होतो तो प्रामुख्याने त्यांच्या विष्ठेचा. पाणी ते पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात. त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या हवेत बरेच मरतात, पण त्यांची घाण गादीत तशीच राहते. सकाळी उठताच शिंका येतात याचं कारण हेच. रात्रभर नाक उशीत खुपसलेलं असतं.

उशी आणि गादीला घट्ट विणीची, चेन असलेली माइटरोधक खोळ घाला. दोन्ही एकदम परवडत नसेल तर आधी उशी. अभ्रे, चादरी आणि पांघरुणं आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. मशीनवर तसं सेटिंग असतं; नसेल तर कडक गरम पाण्यात भिजवून मग धुवा. कोमट पाण्याने मळ निघतो, माइट मरत नाहीत. मुलांची मऊ खेळणी पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवा. गारठ्याने माइट मरतात, धुतल्यावर घाण जाते.

गोधडीचा प्रश्न नाजूक आहे. आजीच्या लुगड्यांची गोधडी कोण टाकणार? आमची आता कडक उन्हात गच्चीवर पडते, दोन्ही बाजूंनी, आणि ती झटकायला मी जात नाही, ज्याला त्रास नाही तो जातो. वापरताना तिला धुतलेल्या चादरीची खोळ असते. कापसाची गादी पिंजून घेत असाल तर पिंजाऱ्याशेजारी उभं राहून गप्पा मारू नका. मी मारल्या आहेत.

एअर प्युरिफायरबद्दल सारखं विचारलं जातं. धुरावर आणि बारीक धुळीवर त्याचा उपयोग होतो. पण माइटची घाण जड असते, हवेत उडाली तरी अर्ध्या तासात खाली बसते. जी गोष्ट उशीत आहे ती यंत्र कशी ओढणार? आधी खोळी, पैसे उरले तर यंत्र.

झाडलोट

केरसुणीने केर निघतो आणि तेवढीच धूळ नाकाशी येते. ओलं फडकं आणि पोछा वापरा. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा मोज्यासारखा चढवा आणि ओढून काढा, सगळी जळमटं आतच पडतात. ज्याला त्रास आहे त्याने झाडताना आणि नंतर अर्धा तास त्या खोलीत जाऊ नये. माळ्यावर चढणं भागच असेल तर एन-९५ मास्क लावून चढा, उतरल्यावर अंघोळ करा आणि कपडे बदला. घरातली माणसं हसतील, हसू द्या.

ओल

त्र्यंबक, इगतपुरीकडून पाऊस सरकत येतो आणि जुलैत कपाटातल्या चामडी चपलांवर पांढरी लव दिसायला लागते. ती बुरशी. भिंतीवरची काळी बुरशी सुक्या फडक्याने कधीही खरवडू नका, तिचे बीजाणू खोलीभर होतात. साबणाच्या पाण्याने पुसा, खिडकी उघडी ठेवा, आणि पाणी कुठून झिरपतंय ते शोधून बुजवा. नाहीतर दर वर्षी नवा रंग आणि नवी बुरशी. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका.

उन्हाळ्यात याचाच भाऊ कूलरमध्ये बसतो. गेल्या वर्षीचा वाळा तसाच ठेवून मे महिन्यात बटण दाबलं की पहिल्याच झुळकीला कुबट वास येतो. वाळा दर वर्षी नवा घाला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा. एसीची जाळी दोन आठवड्यांनी नळाखाली धरा.

घराबाहेर

गुलमोहर आणि बोगनवेल उगाच बदनाम आहेत. भडक फुलांचे परागकण जड आणि चिकट असतात, ते पाखरं आणि किडे नेतात. आपल्या नाकात जातात ते वाऱ्यावर उडणारे, म्हणजे बहुतेक दिसायला सामान्य गवतांचे. आपल्याकडे त्यांच्या जोडीला गाजर गवत आहे, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. आज शहरातला एकही मोकळा प्लॉट त्याच्याशिवाय नाही. त्याने शिंका तर येतातच, शिवाय चेहरा, मान, पापण्या अशा उघड्या कातडीवर खाजरा पुरळ उठतो आणि चिघळतो.

सोसायटीच्या कडेचं गाजर गवत पाऊस पडून माती मऊ असताना, पांढरी फुलं यायच्या आधी मुळासकट उपटा. हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. फुलं आल्यावर उपटलं तर पराग अंगावर आणि बिया जमिनीवर, दोन्ही पदरात. ज्याला पुरळ येतो त्याने या कामात पडूच नये.

कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी हवेत पराग जास्त असतात, चांगला पाऊस पडून गेल्यावर कमी. फिरायला जायची वेळ त्याप्रमाणे बदला. बाहेरून आल्यावर तोंड धुवा, कपडे बदला, केस धुतले नसतील तर निदान ओला पंचा फिरवा. नाहीतर तेच पराग उशीवर.

दुचाकीवर स्कार्फ बांधत असाल तर एक गोष्ट तपासा: तो शेवटचा कधी धुतला? आठवडाभर डिकीत पडलेला, धूळ आणि पराग भरलेला स्कार्फ आपण नाकावरच आवळतो. रोज धुतलेला बांधा, खोदलेल्या रस्त्यांवर त्याच्या आत मास्क लावा.

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. दिंडोरी, पिंपळगावकडे राहणाऱ्यांनी फवारा चालू असताना बागेकडच्या खिडक्या लावून घ्याव्यात. हीही ॲलर्जी नव्हे, पण दमेकऱ्याला फरक पडत नाही.

औषधाचं

नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घालू नका. मी दोन महिने घातले. दर चार तासांनी बाटली हवीच, अशी गत झाली, कारण थेंबांनीच नाक उलट जास्त बंद होतं. ती सवय सोडवताना जे आठ दिवस गेले ते शत्रूलाही नकोत.

सेटिरिझिनसारख्या गोळीने शिंका थांबतात, पण पुष्कळांना झोप येते. पहिल्यांदा घेताना रात्री घ्या, गाडी चालवायची नसेल तेव्हा. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा नाकातला फवारा दिला तर नावाने घाबरू नका. डोस अगदी थोडा असतो आणि बहुतांशी नाकातच काम करतो. मात्र तो रोज घ्यायचा असतो, पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. डोकं किंचित खाली झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, टोक कानाच्या दिशेला ठेवा. मधल्या पडद्यावर मारला तर घोळणा फुटतो. जोरात आत ओढू नका. घशात कडू लागलं तर समजा, औषध नाकात राहिलंच नाही.

मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने बरं वाटतं. पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं थेट कधीही नको.

रात्री खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, जिना चढताना धाप, असं काही असेल तर दमा तपासून घ्या. आणि काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली, तर गोळीची वाट पाहत बसू नका, १०८ ला फोन करा.

वही भरली आणि तरी चोर सापडत नसेल तर त्वचेची चाचणी करतात. हातावर वेगवेगळे थेंब ठेवून हलकेच टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत डास चावल्यासारखी गांध उठते का पाहतात. नुसता अहवाल पाहून दही किंवा वांगं सोडू नका. चाचणीत जे दिसलं ते वहीतही दिसतंय का, ते डॉक्टरांसोबत ताडून पाहा. आणि ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते आधीच विचारा, साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. मी आदल्या रात्री गोळी घेऊन गेलो होतो. त्या थेंबांत एक थेंब गांध उठावी म्हणूनच मुद्दाम टाकलेला असतो. तोही उठला नाही. डॉक्टरांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गोळी कधी घेतली होती?"