दरबारी सत्तासंघर्षाची जुनी खोदचित्रं फ्रेम करताना या चुका टाळा

राजदरबारातल्या कटांची, पदच्युतीची, शिरच्छेदाची जुनी खोदचित्रं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं, बिघडतात ती बहुतेक वेळा कडेपासून. चित्राखालची बोटभर मजकुराची पट्टी कुणालाच आवडत नाही. मग माउंटची (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची) खिडकी नेमकी चित्राच्या रेषेवर बसवली जाते, काही जण तर सरळ कात्री लावतात. पण चित्राची ओळख त्या पट्टीतच असते: साधारणपणे डावीकडे मूळ चित्रकार, उजवीकडे खोदणारा, मधे मथळा आणि प्रकाशक. ब्रिटिश चित्रांवर तारीखही सापडते, कारण १७३५ च्या कायद्यानुसार हक्क राखायचे तर पहिल्या प्रकाशनाचा दिवस आणि मालकाचं नाव पत्र्यावरच कोरावं लागे. ही पट्टी गेली की उरतं ते कुठल्या तरी राजाचं कुठलं तरी भांडण.

म्हणून खिडकी मजकुरासकट मोठी कापून घ्या. कोरलेला तांब्याचा पत्रा छापताना दाबाखाली ओल्या कागदात रुततो आणि भोवती एक खोलगट चौकट उमटते. ती दिसत असेल तर तिच्याबाहेर चार-पाच मिलिमीटर कागद मोकळा दिसू द्या. फ्रेम लहान पडतेय? मग फ्रेम बदला.

आता ती तारीख वाचून हुरळून जाण्याची चूक. तारीख चित्र पहिल्यांदा प्रकाशित झाल्याची असते, तुमच्या हातातला कागद कधी छापला त्याची नव्हे. जुन्या पत्र्यांवरून अनेक दशकं प्रती निघत राहिल्या, आणि फोटोवरून केलेल्या नकलेतही तीच तारीख जशीच्या तशी येते. दहापट भिंग घ्या आणि एखाद्या चेहऱ्याची सावली बघा. खोदचित्रात सावली रेषांची असते. रेषा मधे जाड होते, टोकाला निमुळती. काही ठिकाणी खोदणाऱ्याने मुद्दाम टिंबंही घातलेली असतात, पण ती हाताची, कमी-जास्त आकाराची. याउलट सगळीकडे एकाच जाळीत बसवलेले ठिपके दिसले तर ती छापखान्यातली नक्कल. सजावटीला नक्कल लावायला काहीच हरकत नाही, फक्त किंमत नकलेची द्या. तीच गोष्ट अतिशय बारीक, रुपेरी करड्या रेषांची. १८२० च्या दशकापासून पोलादी पत्रे रूढ झाले. तांबं लवकर झिजायचं, पोलादावर हजारो प्रती निघायच्या. तेव्हा ‘किती नाजूक काम, म्हणजे दुर्मीळच’ हा हिशोब उलटा आहे.

चित्रातला प्रसंग साक्षीदाराने टिपला असं समजणं ही आणखी एक ठळक चूक. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिचा शिरच्छेद १२ फेब्रुवारी १५५४ ला टॉवर ऑफ लंडनच्या आवारात, उघड्यावर झाला. फ्रेंच चित्रकार पॉल देलारोशने तो १८३३ मध्ये रंगवला तो अंधाऱ्या दालनात: डोळे बांधलेली पोर हाताने ठोकळा चाचपडतेय, खाली गवत पसरलंय. नाट्य अव्वल, स्थळ चुकीचं. या चित्रावरून खोदचित्रं निघाली आणि घरोघरी पोहोचली. ते भिंतीवर खुशाल लावा, पण खाली चिठ्ठी लावायची तर तिच्यावर दोन्ही सालं लिहा. सत्तासंघर्षाच्या चित्रांत हे फार होतं. चित्रकार कुणाच्या बाजूचा आहे, आणि घटनेनंतर किती वर्षांनी काढतोय, यावर खलनायक ठरतो.

सगळे सरदार डावखुरे दिसतात? छपाईत पत्र्यावरचं चित्र उलटं उमटतं, आणि खोदणाऱ्याने मूळ चित्र आरशातून बघून कोरलं नसेल तर तलवारी डाव्या हातात येतात. संगणकावर ते ‘सुलटं’ करून छापू नका, खालची अक्षरं उलटी होतील.

संग्रहालयाच्या मुक्त प्रतिमेवरून स्वतः प्रिंट काढणाऱ्यांची तक्रार ठरलेली: कपड्यांच्या घड्यांत, आकाशात लहरी दिसतात. आधी प्रतिमा पडद्यावर १०० टक्के आकारात बघा. लहरी तिथे नाहीशा झाल्या तर दोष फक्त लहान करून दाखवण्याचा आहे. तिथेही राहिल्या तर फाइलच कमी रिझोल्यूशनची आहे, मोठी मिळवा. धारदारपणा वाढवून काही साधत नाही, उलट रेषांना पांढऱ्या कडा येतात.

अस्सल प्रत बसवताना सेलोटेप, डिंक, गरम प्रेसने चिकटवणं, हे तिन्ही नकोत. माउंटबोर्ड आम्लविरहित, शक्यतो कापसाचा घ्या. स्वस्त बोर्डामुळे खिडकीच्या कडेने कागदावर तपकिरी रेघ उमटते आणि ती सहजी निघत नाही. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगा. खालची बाजू मोकळी ठेवा. चारी बाजू चिकटवल्या तर कागदाला दमट हवेत फुगायला जागा मिळत नाही आणि लाटा येतात. लाटा आधीच आल्या असतील तर इस्त्री फिरवू नका, फ्रेम उघडून बांधलेल्या कडा सोडवून घ्या.

काच कागदाला टेकता कामा नये. टेकली की आतली वाफ थेट चित्रावर बसते. तपकिरी ठिपके पडले असतील तर घरी ब्लीच लावायचा मोह टाळा, ते काम कागदाच्या संवर्धकाचं. आधी भिंतीची ओल शोधा, फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराचे ठोकळे लावून हवा खेळू द्या. कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर कसर लागली आहे का ते मागचा कागद काढून बघा.

काळ्या छपाईच्या शाईला उजेडाचं फारसं भय नसतं. हाताने रंगवलेल्या प्रतींचं तसं नाही. राजाचा लाल झगा आधी विटतो. अशा चित्रावर ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास मंद उजेड पुरे, आणि अतिनील किरण अडवणारी काच. काच पुसताना फवारा कापडावर मारा, काचेवर नको. ओघळ फ्रेमच्या फटीतून आत शिरतो आणि पहिल्यांदा भिजते ती तीच खालची मजकुराची पट्टी.